दोन साडू, एक स्वयंपाकघर

शनिवारी सकाळी फोन वाजला तेव्हा मी सवयीने वासंतीला हाक मारली, कारण पडद्यावर मंगलचं नाव होतं. वासंती माझी बायको, मंगल तिची धाकटी बहीण. मंगलचा फोन म्हणजे वासंतीचा फोन, हा आमच्या घरातला पस्तीस वर्षांचा रिवाज. दोघींचं बोलणं सुरू झालं की मी झाडांना पाणी घालतो, पेपर संपवतो, दाढी करून येतो, तरी त्या पहिल्याच विषयावर असतात. पण त्या दिवशी वासंतीने क्षणभर ऐकलं आणि फोन माझ्यापुढे धरला. "तुम्हाला मागतेय," म्हणाली. मंगलचा आवाज अगदी सरळ होता. "भावोजी, हे गेले. आंघोळ करून आले, देवाला फूल वाहिलं, खुर्चीत बसले आणि... गेले. चार वाजता तुम्ही वाट बघत बसाल, म्हणून आधी तुम्हालाच सांगतेय." मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. वासंतीला सांगायचंही मला जमलं नाही, तिने माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं.

विनायकराव माझे साडू. त्यांना जाऊन आता पाच आठवडे झाले. ते कुणी नावाजलेले गृहस्थ नव्हते. पुण्याजवळ मांजरी गावात उसाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, उसाचा रस तपासला, निवृत्त झाले, तिथंच नव्या सोसायटीत दोन खोल्यांचं घर घेतलं. मी सदाशिव पेठेतला, सरकारी खात्यात लोकांच्या घरांच्या नकाशांवर लाल पेन्सिलीने खुणा करून निवृत्त झालेला. चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा होता आणि तो मी घरीही विनामूल्य करत असे, असं वासंती म्हणते. तर असा मी त्यांच्याबद्दल लिहायला बसलोय, त्याला कारण आहे. मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती. ती सांगायला मला दर शनिवारी चार ते साडेसहा असा वेळ मिळत होता, तोही चार वर्षं, आणि तरीही ती राहून गेली.

गोष्ट जुनी आहे. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, मुलगा नव्हता, त्यामुळे मंगलसाठी स्थळ बघायची वेळ आली तेव्हा त्यांनी थोरला जावई म्हणून मला मांजरीला पाठवलं. "तुमची नजर चांगली आहे, बघून या," म्हणाले. मीही छाती फुगवून गेलो. मुलगा भेटला. दोन तासांत तो चार वाक्यं बोलला, त्यातलं एक "बसा" आणि एक "या परत" होतं. मधल्या वेळात त्याने मला उसाच्या प्लॉटवर नेलं, एक कांडं तोडलं, सोललं, बारीक गंडेऱ्या करून हातावर ठेवल्या आणि मी खात असताना बाजूला उभा राहिला. मी परत येऊन सासऱ्यांना सांगितलं, "मुलगा सज्जन आहे. पण मुखदुर्बळ आहे. मंगलला सतत बोलायला माणूस लागतं, ह्या घरात ती वाळून जाईल. नाही म्हणून कळवा." सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि लग्न ठरवलं, कारण मंगलला तो मुलगा पसंत होता. माझं मत कुणी विचारात घेतलं नाही हे एक वेळ ठीक. पण माझ्या सासऱ्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. लग्नात विनायकरावांनी मला वाकून नमस्कार केला तेव्हाच माझ्या मनात आलं, ह्या माणसाला कळलेलं आहे.

पुढची तीस वर्षं आम्ही एकमेकांशी अतिशय सभ्यपणे वागलो. दोन माणसांना एकमेकांचं काहीच नको असलं की जे वागणं होतं, ते. सणावारी भेट, नमस्कार, नमस्कार. "रस्त्याला गर्दी होती का?" "होती." "यंदा ऊस कसा?" "बरा." मग दोघंही पंख्याकडे बघायचो. आत दोघी बहिणी हसून हसून बेजार व्हायच्या आणि बाहेर आम्ही दोन साडू दवाखान्यातल्या बाकावर बसल्यासारखे दिवाणावर बसून असायचो. त्यांचं गप्प राहणं हा त्यांचा स्वभाव की माझ्यावरचा राग, हे मला ठरवता येईना. विचारायची माझी हिंमत नव्हती, हे आज लिहून टाकतो.

दोघेही निवृत्त झाल्यावर तर पंचाईत वाढली, कारण बहिणींनी दर शनिवारी भेटायचं ठरवलं. स्कूटरवरून मंगलला घेऊन विनायकराव मांजरीहून हडपसरमार्गे बरोबर चारला हजर. त्याच सुमारास माझा मुलगा निखिल जर्मनीला नोकरीला गेला आणि जाताना त्याचा गेमचा डबा आमच्या टीव्हीखाली ठेवून गेला. त्याच्याबरोबर दोन कंट्रोलर होते, आम्ही त्यांना शेवटपर्यंत रिमोटच म्हणालो. जाण्याआधी त्याने मला एक खेळ शिकवून ठेवला होता. "बाबा, हा एकट्याने खेळायचा नाही. शेजारी माणूस बसवायचा," असं तीन वेळा बजावलं होतं. एका शनिवारी पंख्याकडे बघून मान अवघडली तेव्हा मी नुसतं काहीतरी करायचं म्हणून डबा चालू केला आणि एक रिमोट विनायकरावांच्या पुढे धरला. त्यांनी तो न घेता दुसरा उचलला. पहिला खेळाडू म्हणून ज्याची नोंद होते तो रिमोट थोरल्या साडूचा, हा मान त्यांनी पुढे चारही वर्षं कटाक्षाने पाळला.

खेळ सोपा आहे. टीव्हीवर एका हॉटेलचं स्वयंपाकघर दिसतं. त्यात दोन बुटके आचारी, एक त्यांचा, एक माझा. वर ऑर्डरी येत राहतात, कांद्याचं सूप, टोमॅटोचं सूप. कांदा टोपलीतून काढायचा, चिरायचा, पातेल्यात टाकायचा, शिजला की ताटलीत ओतून खिडकीतून द्यायचा. उष्ट्या ताटल्या परत येतात, त्या घासायच्या. पातेलं विसरलात तर आग लागते. सगळ्याला मिळून चार मिनिटं. ज्यांनी आयुष्यात स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवलं नाही अशा दोन पुरुषांच्या हाती हे दिलं की काय होईल याची कल्पना करा. पहिल्या दिवशी आमच्याकडून एकही सूप गेलं नाही, आणि कारण ऐकून निखिल फोनवर पाच मिनिटं हसत होता. ज्याला त्याला वाटत होतं, दुसऱ्याला काम कसं सांगायचं? त्यांच्या लेखी मी थोरला साडू, माझ्या लेखी ते पाहुणे. म्हणून दोघंही मुकाट्याने कांदेच चिरत राहिलो. ओट्यावर कांद्यांची रास पडली आणि चुलीवर काहीच नाही. मध्ये एक अरुंद बोळ होता, तिथे दोघं समोरासमोर आले की मी बाजूला व्हायचो, तेही बाजूला व्हायचे, मग दोघंही पुन्हा पुढे. "आधी आपण." "नाही नाही, आपण." तेवढ्यात घंटा झाली आणि खेळ संपला.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी विनायकराव अचानक म्हणाले, "मी भांडी घासतो. तुम्ही चिरा." तीस वर्षांत त्यांनी मला सांगितलेलं ते पहिलं काम. मी चिरलं, आणि आमची पहिली ऑर्डर गेली. मग काय, तोंड उघडलं ते उघडलंच. "कांदा." "ताटली कुठाय?" "अहो जळतंय तिकडे, बघताय काय." "श्रीकांतराव, त्या टोमॅटोचं लोणचं घालायचंय का?" असलं तिरकस बोलणं ह्या माणसाच्या पोटात इतकी वर्षं होतं, मला पत्ताच नव्हता. पेठेत जन्मून मला जे मिरवायला लागतं ते ह्यांना मांजरीत बसून फुकट येत होतं. एकदा मी चिडून ओरडलो, "मख्खासारखे उभे काय राहता, बोला ना काहीतरी," आणि ओरडल्याबरोबर जीभ चावली, कारण हेच तर मी त्यांच्याबद्दल सासऱ्यांना सांगितलं होतं. त्यांनी टीव्हीवरची नजर न हलवता उत्तर दिलं, "काय बोलू? तुम्ही माझ्या ताटलीवर उभे आहात."

आतून वासंती यायची, कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं बघायची. "एवढी सुपं करताय तर जरा आतला कुकर बंद करा की." आम्ही दोघी बहिणींनाही खेळायला बोलावलं होतं, निखिलच्या सांगण्यावरून आणखी दोन रिमोटही आणून ठेवले होते. वासंती म्हणाली, "चाळीस वर्षं हेच करतेय. आता टीव्हीवरसुद्धा?" कोथरूडहून माझा एक जुना सहकारी आला होता, त्याला तिसरा म्हणून बसवलं, तर दहा मिनिटांत तो चक्कर येते म्हणाला. खरं तर त्याला आमचं बोलणं कळेना. कोण कुणाला काय सांगतंय हे आम्हा दोघांनाच ठाऊक असायचं. बाहेरच्या माणसाला असल्या खेळात दोन म्हातारे टीव्हीवर खेकसतायत एवढंच दिसतं, आणि त्याचं काही चुकत नाही.

ह्या खेळाचं मोठेपण आणि खोटेपण दोन्ही मला हळूहळू कळत गेलं. शेजारी माणूस लागतो म्हणजे खरोखरच शेजारी. निखिलने एकदा जर्मनीहून इंटरनेटवरून आमच्यात यायचा प्रयत्न केला. त्याचा आवाज आधी पोचायचा आणि कांदा नंतर. शिवाय विनायकराव घोळ झाला की कोपराने ढोसायचे, ते त्याला कुठून मिळणार? अर्ध्या तासाने तोच म्हणाला, "बाबा, तुम्ही दोघं खेळा." आणि खोटेपण हे, की अडीच तास आम्ही घसा कोरडा पडेपर्यंत बोलायचो आणि बोललेलं काय, तर कांदा, ताटली, आग. एक स्वयंपाकघर संपून दुसरं सुरू होईपर्यंत जेमतेम अर्धं मिनिट मिळतं. तेवढ्यात पाणी प्यावं की चष्मा पुसावा? पस्तीस वर्षांपूर्वी मी तुमच्याबद्दल काय म्हणालो होतो, हे त्या अर्ध्या मिनिटात कसं सांगायचं? मी दर वेळी ठरवायचो, ह्या डावानंतर सांगू. मग पुढचा डाव सुरू व्हायचा, आणि खरं सांगतो, तो सुरू झाला की मला बरं वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत थोडं दुखलं, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. घाबरण्यासारखं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी मात्र घाबरलो. त्यानंतरच्या एका शनिवारी खेळ ऐन रंगात असताना मी खेळ थांबवायचं बटण दाबलं. पातेल्यावरची वाफसुद्धा जागच्या जागी थांबली. विनायकरावांनी माझ्याकडे वळून बघितलं. मी म्हणालो, "विनायकराव..." आणि पुढचं येईना. इतका वेळ कांदा दे, ताटली दे करणारं तोंड पार कोरडं पडलं. ते थोडा वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "काय, पाणी हवंय का?" मी म्हटलं, "हो... नाही, काही नाही. चालू करतो." त्यांनी उठून आतून पाण्याचा तांब्या आणला, फुलपात्र माझ्या हातात दिलं, आणि आम्ही पुढे खेळलो. त्या दिवशी घरी जाताना ते जिन्यात दोनदा थांबले आणि मागे वळून हात केला. मला वाटलं, दम लागला असेल.

ते गेल्यावर पहिला महिना तो डबा मी चालू केला नाही. मग एका दुपारी वासंती झोपली असताना बसलो. एकट्या माणसासाठीही त्यात सोय आहे. दोन्ही आचारी तुमचेच, बटण दाबलं की तुम्ही ह्या आचाऱ्यातून त्या आचाऱ्यात जाता, आणि ज्याच्यात तुम्ही नाही तो पुतळ्यासारखा उभा राहतो. मी माझा आचारी सोडून त्यांचा हातात घेतला आणि भांड्यांशी गेलो. एक ताटली घासायला किती वेळ लागतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. चार वर्षं माझ्या हाताशी स्वच्छ ताटल्या आयत्या येत होत्या, त्या कुठून येतात हा प्रश्नच मला कधी पडला नव्हता. दोन ताटल्या घासल्या आणि बंद केला. बरं वाटलं नाही.

गेल्या शनिवारी चारला बेल वाजली. मंगल होती, एकटी, रिक्षाने आलेली. ती येणार आहे हे वासंतीला माहीत होतं, मला नव्हतं. चेहरा उतरला होता, पण बोलणं तसंच, दारापासूनच सुरू. रिक्षावाला मगरपट्ट्यापर्यंत स्वतःच्या मुलीच्या लग्नाचं सांगत होता, तिनेही त्याला दोन स्थळं सुचवली. चहा झाला. मला वाटलं, आता दोघी आत जातील. ती मात्र माझ्या शेजारी दिवाणावर येऊन बसली, जिथे ते बसायचे तिथे, आणि म्हणाली, "भावोजी, लावा तुमचा तो खेळ. मला बघायचाय."

तिला शिकवणं म्हणजे दिव्य. तोंडाने ती सगळं करत होती, हाताने काहीच नाही. "कांदा घेतला बरं का. आता कुठं ठेवू? अय्या, हा पडला. भावोजी, हा माझा माणूस भिंतीला का धडका देतोय?" मी हसत होतो. पाच आठवड्यांनी हसत होतो. आणि हसता हसता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की मी इतकी वर्षं चुकीच्या माणसाला सांगायची तयारी करत होतो. मी 'नाही म्हणा' म्हटलं होतं ते कुणाच्या संसाराला? हिच्या. ह्या खेपेला मी खेळ थांबवला नाही. टीव्हीकडे बघत, कांदा चिरत म्हणालो, "मंगल, तुझ्या लग्नाच्या वेळी मी अण्णांना सांगितलं होतं, हे स्थळ नको म्हणून."

"माहितीय," ती म्हणाली. "अण्णांनी त्याच दिवशी सांगितलं मला. मी ह्यांना सांगितलं. हा टोमॅटो कुठं टाकू?"

"पातेल्यात. रागावली नाहीस?"

"रागावले होते की. दोन वर्षं तुमच्या चहात साखर निम्मी घालायचे. तुमच्या लक्षात पण आलं नाही." मग जरा हळू म्हणाली, "तुम्ही बोललात त्यात खोटं काही नव्हतं, भावोजी. खूप वर्षं मी एकटीच बोलत होते त्या घरात. पण हे शनिवार सुरू झाले आणि... इथून निघालो की मांजरी येईपर्यंत ह्यांचं तोंड बंद नसायचं. श्रीकांतरावांनी आज अशी आग लावली, श्रीकांतराव असे चिडले. मागे बसून मी नुसती ऐकत असायचे."

कुठलं तरी पातेलं करपायला लागलं होतं.

"आणि ते पाण्याचं," मंगल म्हणाली. "तुम्ही मध्येच खेळ थांबवलात ना एकदा, तेव्हा. जाताना स्कूटरवर म्हणाले, आज श्रीकांतराव ते सांगणार होते. मीच पाणी विचारलं. मी म्हटलं, अहो, का? बोलू द्यायचं होतं ना त्यांना. तर म्हणाले, नको. एकदा ते बोलले की पुढच्या शनिवारपासून परत नमस्कार-नमस्कार सुरू होईल. मला आता ते नको आहे."

मी डोळे पुसले. डोळे पुसायला एक हात लागतो, तेवढ्यात दोन ऑर्डरी हुकल्या आणि चुलीने पेट घेतला. मंगलने टीव्हीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "जाऊ दे. परत लावा पहिल्यापासून."